कंबर तपासताना पोटाची विचारपूस

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षछाटणीच्या दिवसांत कंबर धरून येणाऱ्या बहुतेकांचे दुखणे कामाचेच असते आणि ते विश्रांतीने उतरते. परंतु चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर पहाटे झोपमोड करीत असेल, उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर पोटाचीही चौकशी करावी. जुने जुलाब, शौचातून रक्त, घटते वजन यांविषयी संकोच न करता विचारावे, कारण क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या विकारांत मणके व सांधेही सुजू शकतात.

रुग्णाला ताठ उभे करून कंबरेवरच्या दोन खळग्यांच्या रेषेवर एक आणि तिच्या १० सेंटीमीटर वर दुसरी खूण करावी. पूर्ण वाकल्यावर हे अंतर साधारण १५ सेंटीमीटर व्हायला हवे. ते फारसे वाढले नाही, तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावे.

पोट दुखत असल्यास उताणे झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवावे आणि डोके उचलायला सांगावे. वेदना वाढली तर ती बहुधा पोटाच्या भिंतीतील स्नायूंची, कमी झाली तर आतल्या अवयवाची असते.

एक कळकळीची विनंती: तोवर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी आतड्याचा दाह भडकू शकतो.