‘हिअर’ आणि ‘लिसन’ वापरताना या चुका टाळा

‘हिअर’ म्हणजे कानी पडणे आणि ‘लिसन’ म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, हा शाळेत पाठ केलेला नियम खोटा नाही. मात्र मराठी माणसाच्या इंग्रजीतील पुष्कळ चुका त्या नियमाच्या कुंपणाबाहेर होतात.

मूळ भेद मराठीलाही ठाऊक आहे. ‘मला ऐकू येते’ आणि ‘मी ऐकतो’ ही वाक्ये आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. म्हणून फोनवर आवाज पोहोचतो की नाही, एवढेच विचारायचे असेल तर ‘कॅन यू हिअर मी?’ असे विचारावे. त्याऐवजी ‘आर यू लिसनिंग?’ म्हटल्यास समोरच्याला ‘तुमचे लक्ष कुठे आहे?’ असा जाब विचारल्यासारखे वाटते. उत्तरादाखल सर्रास ऐकू येणारे ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’ हे वाक्यही टाळावे, कारण या अर्थाने ‘हिअर’ सहसा चालू काळात येत नाही. ‘आय कान्ट हिअर यू’ हेच स्वाभाविक. न्यायालय खटला ऐकत असते तेव्हा मात्र ‘द कोर्ट इज हिअरिंग द मॅटर’ हे निर्दोष आहे, कारण तिथे ऐकणे ही जाणीवपूर्वक केलेली कृती असते.

‘लिसन’नंतरचा ‘टू’ गळणे ही सर्वांत चिवट चूक. ‘गाणे ऐकतो’ यात मराठीला कोणताही प्रत्यय लागत नाही, म्हणून ‘आय लिसन म्युझिक’ सहज तोंडून जाते. कर्म असेल तर ‘टू’ हवाच, आणि प्रश्नातही तो शेवटी राहतो: ‘व्हॉट आर यू लिसनिंग टू?’ कर्म नसेल तेव्हा नुसते ‘लिसन!’ पुरते. आता शाळेचा नियम जिथे तोकडा पडतो ते पाहा. सवाई गंधर्व महोत्सवात रात्री उशिरापर्यंत बसून तन्मयतेने ऐकलेल्या गायकाबद्दल सांगतानाही ‘आय हर्ड हिम इन पुणे’ हेच इंग्रजीत रूढ आहे. घरी त्याची ध्वनिमुद्रिका लावली की ‘लिसन टू’ येते. ‘त्याला गाताना ऐकले’ याचे ‘आय हर्ड हिम टू सिंग’ करू नये. ‘सिंग’ किंवा ‘सिंगिंग’ असे लिहावे. कर्मणी प्रयोगात मात्र तो ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज हर्ड टू सिंग’.

शब्दयोगी अव्ययांनी तर अर्थ पार बदलतो. ‘हिअर फ्रॉम’ म्हणजे एखाद्याचे पत्र, निरोप किंवा फोन येणे, आणि त्यात कानांचा संबंध असेलच असे नाही. म्हणूनच ईमेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ असते; तिथे ‘टू हिअर’ लिहिणे चूक. ‘हिअर ऑफ’ म्हणजे एखादी व्यक्ती किंवा वस्तू अस्तित्वात आहे हे माहीत असणे, तर ‘हिअर अबाउट’ म्हणजे तिच्याविषयीची बातमी कळणे. ‘आय वोन्ट हिअर ऑफ इट’ म्हणणारा मात्र अज्ञान नव्हे, तर ठाम नकार व्यक्त करत असतो.

‘ओव्हरहिअर’चा अर्थ जास्त ऐकणे असा नसून दुसऱ्यांचे बोलणे नकळत कानावर पडणे असा आहे. मुद्दाम चोरून ऐकणे ते ‘ईव्ह्जड्रॉप’. पूर्वी छपराचे पाणी ठिबकते त्या वळचणीखाली उभे राहून आतले बोलणे ऐकणाऱ्यावरून हा शब्द आला आहे.

नामे वापरतानाही सावध असावे. ‘हिअरिंग’ म्हणजे श्रवणशक्ती, तशीच सुनावणीही. ‘फेअर हिअरिंग’ म्हणजे बाजू मांडण्याची न्याय्य संधी. ‘हिअरसे’ म्हणजे नुसती अफवाच नव्हे, तर कायद्याच्या भाषेत ऐकीव पुरावाही. ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ हा ‘डेफ’ला सौम्य पर्याय समजून सरसकट वापरला जातो, पण आपल्या 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दोन्ही वेगळे आहेत: दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असणारा पहिल्या गटात येतो, तर 70 डेसिबल ऱ्हास असणारा दुसऱ्या गटात.