बोअरच्या पाण्याचे डाग, न टिकणारं वॅक्स: काय कशानंतर लावायचं

जालन्यात बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी. बॉनेटवर पांढरे गोल डाग, हात फिरवला की खरखर, आणि वॅक्स लावूनही थोड्याच दिवसांत पाणी थेंब न धरता पसरायचं. वॅक्सचा जाड थर दिला, ब्रँड बदलला, वॅक्सवर सीलंट (रंगाला चिकटून राहणारा कृत्रिम संरक्षक थर) लावलं. त्याचे तर पट्टे उमटले. डोकं उठलं होतं.

सीलंटला उघडा रंग लागतो. खाली वॅक्स किंवा पॉलिशचं तेल असलं की ते धरत नाही.

जमलं ते असं. सावलीत, पत्रा गार असताना शाम्पूने धुवा. डागांवर पांढरा व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. भिजवलेलं फडकं मिनिटभर ठेवा आणि वाळायच्या आत धुऊन टाका. मग क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), शाम्पूपाणी भरपूर ठेवून, हलक्या हाताने, सरळ रेषेत. बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तपासा, खरखर लगेच कळते. क्ले खाली पडला तर टाकूनच द्या, चिकटलेली वाळू रंग ओरबाडते.

क्लेनंतर पॉलिश. त्याचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या मिश्रणाने पुसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि वॅक्सला दोष देतात. आता सीलंट, अगदी पातळ. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत गाडी कोरडी ठेवा, मगच वर कार्नोबा (ताडाच्या पानांपासूनचं) वॅक्स.

पुढच्या प्रत्येक धुण्यात बोअरचं पाणी गाडीवर वाळू न देता मायक्रोफायबरने लगेच टिपा.