एकमेकांशी बोलणारे ग्रिड कंट्रोलर बसवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी सांगतो, कारण ती मला दर प्रोजेक्टमध्ये भेटते. प्रत्येक कंट्रोलर (सबस्टेशनमध्ये बसून लाईनवरचा भार बघत वीज कधी, किती कापायची ते ठरवणारं यंत्र) सुटा तपासायचा, सगळे पास झाले की सिस्टमही पास धरायची. असं नसतं हो.

आमच्या एका टेस्टमध्ये सिम्युलेटरवर छोटं ग्रिड होतं, तीन सबस्टेशन आणि तीन कंट्रोलर. दोन समांतर लाईनपैकी एक मुद्दाम ट्रिप केली, म्हणजे तोडली, दुसरीवर ओव्हरलोड आला, ती वाचवायला ४० मेगावॅट लोड (विजेची मागणी) कमी करणं पुरेसं होतं. तिन्ही कंट्रोलरनी गणित अगदी बरोबर केलं आणि तिघांनीही एकाच वेळी ४०-४० कापले. गेले १२०. लोड अचानक एवढा उतरल्यावर ग्रिडची फ्रिक्वेन्सी (वीज आणि मागणी जुळते की नाही ते दाखवणारा आकडा) वर उसळली, एक जनरेटर ओव्हर-फ्रिक्वेन्सीवर ट्रिप झाला, मग वीज कमी पडली, फ्रिक्वेन्सी कोसळली आणि सगळं ग्रिड काळं. आम्ही दोन रात्री कोडमध्ये बग शोधत बसलो आणि तो सापडलाच नाही, कारण तिघांचेही लॉग आपापल्या जागी बरोबर होते.

तेव्हापासून माझा नियम असा की कापायच्या आधी कंट्रोलरने "मी एवढं कापतोय" हे शेजाऱ्यांना सांगायचं, त्यांनी ते आपल्या हिशोबातून वजा करायचं, आणि आधी कोण, नंतर कोण हा क्रम आधीच ठरलेला. कापायचं तेही थोडं थोडं, मध्ये थांबून परत मोजून. लोक म्हणतात एवढा वेळ कुठे असतो. लाईन तापण्याचा ओव्हरलोड असेल तर बऱ्याचदा काही मिनिटं मिळतात, बोलायला तेवढी भरपूर झाली. फ्रिक्वेन्सी कोसळत असेल तर मात्र हातात सेकंदच असतात, तिथे चर्चा नकोच, जागेवरचा अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेच (फ्रिक्वेन्सी फार खाली गेली की कोणाला न विचारता लोड कापणारं उपकरण) हवा. हा फरक न समजता सगळं एकाच लॉजिकमध्ये कोंबणाऱ्या नव्या मंडळींची मला खरंच काळजी वाटते.

दुसरी चूक, शेजारी गप्प आहे म्हणजे ठीक आहे असं धरणं. लिंक तुटते, स्क्रीनवर जुना आकडा तसाच राहतो आणि कंट्रोलर त्यावर निर्णय घेतो. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली त्यात हेच दुखणं होतं, ओहायोतल्या कंट्रोल रूममधली अलार्म सिस्टम बंद पडली होती आणि ऑपरेटरना तासाभराहून जास्त वेळ पत्ताच नव्हता, अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक. मी प्रत्येक आकड्यासोबत टाइमस्टॅम्प घेतो, आकडे येण्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा जुना झाला की तो आकडा नाहीच, "माहीत नाही" असंच धरायचं आणि कंट्रोलरने आधी ठरवलेल्या सावध लोकल मोडमध्ये जायचं. टेस्टमध्ये नेटवर्कची केबल मी स्वतः हाताने उपटतो, सॉफ्टवेअरमधून लिंक बंद केली तर ती फार सभ्यपणे बंद होते, खरी तुटते तशी नाही.

लाईनच्या दोन टोकांना करंटची वेगळी लिमिट हा तर कहरच. ४ नोव्हेंबर २००६ ला जर्मनीत लांडेसबर्गन-वेरेनडॉर्फ लाईनचं तेच झालं, दोन कंपन्यांची दोन सेटिंग, घाईत शेजाऱ्याला न विचारता स्विचिंग केलं, करंट कमी व्हायच्या ऐवजी वाढला, लाईन ट्रिप आणि युरोपचं ग्रिड तीन तुकड्यांत. दीड कोटीहून जास्त घरांना फटका. म्हणून कंट्रोलर सुरू होताना दोन्ही टोकांनी एकमेकांची लिमिट विचारून जुळवायची, नाही जुळली तर कमी असलेली धरायची. टेबल हाताने कॉपी-पेस्ट करणारे शॉर्टकट मला चालत नाहीत.

बाकीच्या पटपट सांगतो. घड्याळं जीपीएसवर जुळलेली नसतील तर लॉगवरून कोण आधी ट्रिप झालं ते कधीच कळणार नाही.

डिस्टन्स रिले म्हणजे फॉल्ट (लाईनवरचा बिघाड) किती दूर आहे ते मोजून लाईन तोडणारं उपकरण, त्याचा झोन ३, म्हणजे लांबवरचा बॅकअप टप्पा, कंट्रोलरच्या मॉडेलमध्ये धराच. ३० जुलै २०१२ ला बिना-ग्वाल्हेर लाईनवर फॉल्ट नव्हता, नुसत्या जास्त लोडला रिलेने फॉल्ट समजून लाईन उडवली आणि उत्तर ग्रिड गेलं. तुमचा कंट्रोलर विचार करत बसेल आणि रिले त्याच्या आधीच लाईन उघडून मोकळा होईल.

आणि कंट्रोलरचं नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सगळ्या सबस्टेशनवर एकाच रात्री टाकू नका, आधी एकावर टाका, मोठ्या लोडचे काही दिवस जाऊ द्या, मगच पुढचं.