इंग्रजीतला ‘गेट’ : वाक्यात अर्थ कसा ओळखायचा आणि त्याच्या जागी कुठला शब्द वापरायचा

आधीच सांगते, हा दाराचा गेट नाही. मराठीत दोन्ही सारखेच लिहितात पण दाराच्या गेटचा ‘ए’ लांब असतो आणि ह्या गेटचा एकदम तोकडा. भूतकाळात ह्याचं गॉट होतं.

शाळेत गेट म्हणजे मिळणे एवढंच शिकवतात आणि मग ‘इट्स गेटिंग लेट’ ऐकलं की इथे कोणाला काय मिळतंय तेच कळत नाही. डिक्शनरी उघडावी तर अर्थांची ही मोठी यादी, ती पाठ करायच्या फंदात पडूच नका. गेटच्या पुढे काय आलंय ते बघायचं, बहुतेक वेळा अर्थ तिथेच सापडतो.

पुढे वस्तू असेल तर मिळणे, घेणे नाहीतर आणणे. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळालं, ‘गेट मी अ चेअर’ म्हणजे मला खुर्ची आणून दे, आणि ‘आय गॉट अ न्यू फोन’ मध्ये तो विकत घेतला की कोणी दिला हे मागच्यापुढच्या बोलण्यावरून समजून घ्यायचं. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली.

पुढे विशेषण असेल तर काहीतरी बदलतंय असं समजायचं. ‘शी इज अँग्री’ म्हणजे ती रागावलेली आहे, ‘शी गॉट अँग्री’ म्हणजे आधी ठीक होती, आता रागावली. मराठीत ह्याला एकच क्रियापद नाही, अंधार पडतो, उशीर होतो, कंटाळा येतो, माणूस दमतो, इंग्रजीत ह्या सगळ्याला गेट चालतं. पण इथे एक खड्डा आहे, गेटचा हा ‘होणे’वाला अर्थ नामाबरोबर चालत नाही! तो डॉक्टर झाला हे सांगायला ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणालात तर ऐकणारा समजेल की त्याने कुठूनतरी डॉक्टर आणला. तिथे ‘ही बिकेम अ डॉक्टर’ च पाहिजे.

पुढे जागा असेल तर पोचणे. ‘व्हेन डिड यू गेट टू द ऑफिस’, ऑफिसला कधी पोचलास. फक्त होम, हिअर आणि देअर ह्यांच्या आधी टू लावायचा नाही, ‘गेट होम’ एवढंच. लग्नाच्या बाबतीत उलटं, आपण ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो म्हणून ‘गेट मॅरिड विथ’ तोंडात येतं पण बरोबर आहे ‘गेट मॅरिड टू’.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग, दुसऱ्याकडून काम करून घेणे. मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं की दुसऱ्या कोणाकडून कापून घेतले हे ऐकणारा आपोआप धरतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात होती असा अर्थ निघतो, म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’. आणि माणसाला एखादी गोष्ट करायला राजी केलं तर ‘आय गॉट हिम टू साइन’, इथे टू हवाच, पण तेच करायला भाग पाडलं असेल तर ‘आय मेड हिम साइन’, तिथे टू नको.

अजून एक जोडी नीट लक्षात ठेवा. ‘आय गेट टू गो’ म्हणजे मला जायला मिळतं आणि ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागणार. एकात संधी आहे, दुसऱ्यात सक्ती. बोलताना लोक हॅव गिळून टाकतात आणि नुसतं ‘गॉट टू गो’ ऐकू येतं, तेव्हा ते जावं लागणारवालं असतं.

आता समानार्थी शब्द. गेट इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची ती भाषा, आणि तो रोजच्या बोलण्यातलाच राहिला. रिसीव्ह, ऑब्टेन, अक्वायर हे मात्र फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने आले, त्यामुळे ते कागदोपत्री जास्त शोभतात. ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय गॉट युवर मेल’ चूक नाहीये पण ‘आय हॅव रिसीव्ह्ड युवर मेल’ जास्त बरं दिसतं. तरी हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी टाकू नका. रिसीव्हमध्ये समोरून येतं आणि तुम्ही घेता. ऑब्टेनमध्ये खटपट असते, परवानगी, दाखला, माहिती वगैरे. अक्वायर म्हणजे कमावणे, कौशल्य हळूहळू अंगी आणलं की हा शब्द, आणि एका कंपनीने दुसरी विकत घेतली तरी हाच. गेन अनुभवाला आणि वजनाला, दोन्हीत आधीचं वाढतं. अर्नमध्ये लायकी किंवा मेहनत आली. फेच म्हणजे तिकडे जाऊन घेऊन येणे. आणि ‘आय डोन्ट गेट इट’ मधल्या गेटला अंडरस्टँड, कारण तिथे कळण्याचा प्रश्न आहे, रिसीव्ह टाकलं तर वाक्याचा अर्थच बदलतो.

पुढे छोटे शब्द चिकटले की मात्र वरची युक्ती पुरत नाही, ते जोडीनेच शिकावे लागतात. गेट अप उठणे, गेट अलाँग पटणे, गेट ओव्हर सावरणे, गेट रिड ऑफ काढून टाकणे, गेट बाय कसंबसं भागवणे, गेट अवे विथ म्हणजे चूक करूनही सहीसलामत सुटणे. रोज एक घ्या आणि स्वतःच्या दिवसातलं खरं वाक्य त्यात बनवा, ते डोक्यात राहतं.

राहिलं गॉटन, म्हणजे हॅवच्या पुढे येणारं गेटचं आणखी एक रूप. ते चुकीचं नाही, अमेरिकन आहे, ब्रिटिश लोक बहुतेक गॉटच म्हणतात. अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणाला तर त्याच्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणाला तर त्याने ती घेतली किंवा त्याला मिळाली. अमेरिकन किंवा ब्रिटिश, दोन्हीपैकी एक पद्धत धरा आणि एकाच मेलमध्ये सरमिसळ करू नका.