पाच हजार जास्त का द्यायचे?

प्रॉडक्ट किंवा प्रायसिंगच्या कामात, म्हणजे कंपनीने कुठली मॉडेल्स काढायची आणि किंमत किती ठेवायची हे ठरवण्याच्या कामात यायचंय, असं म्हणणारी नाशिकची मुलंमुली मला अधूनमधून भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न कोर्स कुठला करायचा हाच असतो. मी त्यांना आधी काउंटरवर उभं राहायला सांगते. माझी सुरुवात तिथेच झाली आणि आजही किंमत ठरवताना डोळ्यांसमोर तेच काउंटर येतं.

बी.कॉम. झाल्यावर मी एका लॅपटॉप कंपनीची प्रमोटर म्हणून कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात लागले. प्रमोटर म्हणजे दुकान दुसऱ्याचं, टी-शर्ट कंपनीचा आणि महिन्याचं टार्गेट आपलं. जुलै महिना होता, इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू होते. निफाडकडचे एक काका मुलीला घेऊन आले. आमच्या कंपनीचे तीन लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडलेले होते: ५२,९९०, ५४,४९० आणि ५५,९९० रुपयांचे. पहिल्यात आदल्या वर्षीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम. दुसऱ्यात नवा प्रोसेसर, पण रॅम ८ जीबी. तिसऱ्यात तेच सगळं, वर धातूची बॉडी आणि कीबोर्डला लाइट.

काका म्हणाले, "ताई, तिन्हींत फरक काय, तेवढं सांगा."

मी दहा मिनिटं बोलत होते. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "मग रॅम जास्त असून पहिला स्वस्त कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी पिशवी उचलली आणि "विचार करून येतो" म्हणाले. ते परत आले नाहीत. पैसे तयार होते, गरज खरी होती, वस्तूही चांगली होती. आम्हाला फक्त फरक सांगता आला नाही.

पुढे एरिया सेल्समधून कंपनीच्या प्रॉडक्ट टीममध्ये गेले, तेव्हा त्या तीन मॉडेल्सचा उगम कळला. पहिलं एका ऑनलाइन सेलसाठी काढलेलं होतं. दुसरं काढलं, कारण नवा प्रोसेसर हातात आला होता. तिसरं, कारण प्रतिस्पर्ध्याने धातूची बॉडी आणली होती. त्या-त्या दिवशी तिन्ही निर्णय बरोबर होते. तिघं एका फळीवर शेजारी बसले की गिऱ्हाइकाला काय दिसेल, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मॉडेल्सची यादी अशीच फुगते. तीन प्रोसेसर, दोन रॅम, दोन एसएसडी (फायली साठवायची जागा), दोन स्क्रीन, दोन रंग असं धरलं तरी ४८ प्रकार होतात. प्रत्येकाचा वेगळा कोड, वेगळा स्टॉक आणि विक्रीचा वेगळा अंदाज. रुपेरी रंगाचा माल संपलेला असतो आणि करडा गोडाऊनमध्ये पडून असतो.

नवख्या माणसाने पहिल्या आठवड्यात शिकावा असा हिशेब म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून कंपनीच्या हातापर्यंत येणाऱ्या पैशाचा. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. ४९,९९० रुपयांच्या बिलातून तो काढला की उरतात ४२,३६४. समजा, डीलरला ४ टक्के आणि डिस्ट्रिब्युटरला ३ टक्के गेले, तर राहिले साधारण ३९,४००. दिवाळीत १,५०० ची कॅशबॅक कंपनीने पदरची दिली, तर ३७,९००. बिनव्याजी हप्ते ठेवले असतील, तर त्या व्याजाचा भारही कुणाला तरी उचलावा लागतो. जे उरेल त्यात सुटे भाग, जोडणी, वाहतूक, वॉरंटीतली दुरुस्ती, पगार आणि नफा असं सगळं बसवायचं असतं. हा हिशेब कागदावर हाताने केला नसेल, तर मीटिंगमध्ये "दोन हजारांनी उतरवूया" हे वाक्य तोंडून फार सहज निघतं. बी.कॉम.चा कॉस्टिंगचा पेपर मला इथे खूप कामाला आला, आणि एक्सेलमधलं पिव्होट टेबल. एमबीए नसल्यामुळे माझं काही अडलं नाही.

पण खरी परीक्षा पायऱ्यांची असते. एका मॉडेलवरून वरच्या मॉडेलवर जाताना गिऱ्हाईक विचारतं, पाच हजार जास्त का द्यायचे? त्याला एका वाक्यात, त्याच्या कामाच्या भाषेत उत्तर देता आलं पाहिजे. "नवी पिढी" हे उत्तर नव्हे. "हा बाराशे ग्रॅमचा आहे, रोज बॅगेत नेता येईल" हे उत्तर आहे. "यात ग्राफिक्स कार्ड आहे, ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढताना अडणार नाही" हे उत्तर आहे. प्रोसेसरच्या नावावर तर विसंबूच नका. एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या ७००० मालिकेत रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, पण पहिल्यात झेन २ ही जुनी रचना आहे आणि दुसऱ्यात झेन ४. ते कळतं फक्त तिसऱ्या आकड्यावरून. काउंटरवरच्या काकांनी तो आकडा का वाचावा?

पायरीची उंची आपल्या मनाने ठरत नाही, ही गोष्ट मला दुकानाच्या मालकांनी शिकवली. रॅम ८ वरून १६ करायला आमची कंपनी सहा हजार जास्त घेत होती. दुकानातला टेक्निशियन मागचं झाकण उघडून रिकाम्या स्लॉटमध्ये तीच रॅम निम्म्याहून कमी पैशांत बसवून द्यायचा. मग आमचं वरचं मॉडेल कोण घेणार? ज्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे कंपनीला जास्त मागता येतं, कारण गिऱ्हाइकाला दुसरा रस्ताच नसतो. तसं मागावं का, हा वेगळा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे. जिथे गिऱ्हाइकाला पुढे रॅम वाढवता येणार नाही, तिथे सुरुवातच पुरेशा रॅमने करावी. ॲपलने २०२० मध्ये एम१ चिपचा मॅकबुक एअर लॅपटॉप ९२,९०० रुपयांपासून आणला, तो ८ जीबीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी किंमत न वाढवता एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली. एका फटक्यात विक्रेत्याचं एक अवघड संभाषण संपलं. अर्थात मेमरीचे भाव स्थिर राहत नाहीत. २०२५ च्या अखेरीस ते असे चढले की अशा पायऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडणं भाग पडलं.

यादी छोटी करायची म्हटलं की सगळे ॲपलचाच दाखला देतात, आणि तो आहेही तसाच. १९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलला शंभर कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. कंपनीत परत आलेले सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी चार घरांचा तक्ता मांडला: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. पुढच्या वर्षी कंपनी नफ्यात आली. मात्र मॉडेल्स कमी करणं आणि नावं बदलणं यांत फरक आहे. डेलने जानेवारी २०२५ मध्ये एक्सपीएस, इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड ही लॅपटॉपची नावं बाजूला ठेवून डेल, डेल प्रो आणि डेल प्रो मॅक्स अशी मांडणी केली, आणि प्रत्येकात पुन्हा बेस, प्लस, प्रीमियम. वर्षभरात एक्सपीएस हे नाव परत आलं. लोक दुकानात येऊन नावाने माल मागतात. त्या नावामागे कितीतरी वर्षांचा विश्वास असतो.

आमच्या टीममध्ये यादी छाटायची वेळ आली, तेव्हा मला घरची कांद्याची चाळ आठवली. आमचे अण्णा लासलगावला माल नेण्याआधी निवड करायचे. मोठा, मध्यम, गोल्टी (लहान) आणि खाद (खराब), एवढेच ढीग. लहानपणी मी दोन ढिगांच्या मधल्या आकाराचा आणखी एक ढीग केला होता. अण्णा म्हणाले, "व्यापारी याला वेगळा भाव देणार नाही. मग वेगळा ढीग कशाला?" प्रेझेंटेशनमध्ये मी हेच विचारलं: आपल्या कुठल्या मॉडेलला बाजार वेगळा भाव देत नाही? विक्रीचे आकडे काढले, तेव्हा ५२ ते ५६ हजारांमधली मॉडेल्स एकमेकांचीच गिऱ्हाइकं खात होती. एकावर स्कीम लागली की शेजारचं बसायचं आणि एकूण विक्री तेवढीच राहायची. त्या पट्ट्यात आम्ही एकच मॉडेल ठेवलं: नवा प्रोसेसर, १६ जीबी, ५४,९९०.

आकडे काढताना एक काळजी घ्या. कंपनीने डीलरला दिलेला माल म्हणजे सेल-इन, आणि दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला माल म्हणजे सेल-आउट. महिनाअखेरीला टार्गेटपोटी डीलरच्या गळ्यात मारलेला माल सेल-इनमध्ये विक्री म्हणूनच दिसतो. निर्णय सेल-आउटवर घ्या.

याच छाटणीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. १५.६ इंचांचं एक जाडसर मॉडेल होतं, उजवीकडे आकड्यांचं वेगळं कीपॅड आणि बाजूला लॅनचं, म्हणजे वायरने इंटरनेट जोडायचं पोर्ट. देशभरात त्याची विक्री कमी होती, म्हणून मीच त्यावर काट मारली. दोन आठवड्यांत सातपूरच्या एका डीलरचा फोन आला. "मॅडम, टॅलीवाले कशावर काम करणार?" अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली अकाउंट्सची माणसं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर आकडे मारतात. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर त्यांचा हात चालत नाही, आणि शेडमध्ये वायफाय धड पोहोचत नाही. माझ्या तक्त्यात विक्रीचा आकडा होता. ते मॉडेल कोण घेतं आणि त्याला दुसरा पर्याय आहे का, हे दोन रकाने नव्हते. पुढच्या फेरीत ते मॉडेल परत आणलं, एकाच रंगात, एकाच रॅममध्ये. तोवर त्या डीलरने आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या ब्रँडकडे वळवली होती आणि ती परत मिळवायला मला वर्ष लागलं.

बंद होणाऱ्या मॉडेलचा माल कुणाच्या तरी फळीवर असतो, हेही लक्षात ठेवा. भाव उतरवला तर जुन्या भावाने घेतलेल्या डीलरला फरक द्यावा लागतो. त्याला प्राइस प्रोटेक्शन म्हणतात. ते वेळेवर मिळालं नाही, तर तो डीलर तुमचं पुढचं मॉडेल समोर मांडत नाही, मागे ठेवतो. छाटणीची तारीख ठरवण्याआधी दुकानांतला शिल्लक माल मोजा, आणि प्रवेशाच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नका.

मुलाखतीला जाताना काय तयारी करू, असं विचारणाऱ्यांना मी एक रविवार मागते. कॉलेज रोडवर किंवा एम.जी. रोडवर एखाद्या मोठ्या दुकानात जा. एकाच कंपनीचे सगळे लॅपटॉप किमतीच्या क्रमाने वहीत लिहा. दर दोघांच्या मधल्या ओळीत, फरकाचे पैसे का द्यावेत, ते एका वाक्यात लिहा. ज्या ओळी कोऱ्या राहतील, त्यांबद्दल तिथल्या प्रमोटरला विचारा, आणि तो काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांची मी ती वही बघते.