वरच्याची नहाणी, खालच्याचं छत: गळतीचं भांडण कसं मिटवावं

बारा-तेरा वर्षं सोसायटीची सेक्रेटरीगिरी करतोय. पार्किंग, कुत्री, गच्चीवरचे पापड, सगळ्यांवरची भांडणं मिटवली. पण गळतीइतकं चिवट भांडण दुसरं नाही. 'सकारात्मक बोला, हसतमुख राहा' असे सल्ले देणाऱ्यांच्या डोक्यावर वरच्या मजल्याचं पाणी कधी ठिबकलेलं नसावं.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणं, हा असाच एक गैरसमज. १९९० साली सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी तिची जी व्याख्या केली, तिचा आशय साधा आहे: आपल्या आणि समोरच्याच्या भावनांवर लक्ष ठेवायचं, त्यांच्यातला फरक ओळखायचा आणि त्यावरून पुढचं वागणं ठरवायचं. घोडं अडतं ते मधल्या भागात, फरक ओळखण्यात.

१. गळतीची तक्रार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तर तिथे उत्तर देऊ नका. तक्रार करणाऱ्याला फोन करून "संध्याकाळी येतो" एवढंच सांगा.

२. आधी खालच्या घरी जा, तेही एकटे. दोघांना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवणं म्हणजे फटाक्यांच्या दुकानात काडी ओढणं. तुमचंच डोकं तापलेलं असेल तर थांबा. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन किमान २० मिनिटांची विश्रांती सांगतात, कारण नाडी शंभराच्या वर गेली की ऐकणं बंद पडतं. ही २० मिनिटं खाली बाकावर काढा, जिने चढण्यात नव्हे.

३. दुखतंय कुठे, ते शोधा. मी वर्षानुवर्षं माती खाल्ली ती इथेच.

एका काकूंच्या बरोबर देवघरावर गळत होतं. देवांवर प्लॅस्टिकची टोपली पालथी घातलेली, खाली दुधाच्या कापलेल्या पिशव्या अंथरलेल्या. मी बसलो आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "काकू, तुम्हाला राग आलाय, मी समजू शकतो." त्या उसळल्या, "काय समजू शकता? तुमच्या घरात गळतंय का?" मी घाबरून प्लंबरचा नंबर पुढे केला. त्यानंतर आठ महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मेंटेनन्सही भरला नाही.

चुका दोन. भावना मी विचारली नाही, जाहीर केली. आणि जाहीर केली तीही चुकीची. राग दिसायला सोपा असतो, त्याच्या खाली अपमान असतो, धास्ती असते, एखादं जुनं काही असतं.

पुढच्या खेपेला विचारलं, "चार वेळा सांगूनही वरून कोणी बघायलासुद्धा आलं नाही, ते जास्त लागलं का?" आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं महाकठीण आहे, जीभ नुसती वळवळत असते. मी चहाच्या कपाचा कान घट्ट धरून बसतो. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "हे असते ना, तर धावत आला असता तो." मग पदराने टोपली पुसली आणि प्लंबर कधी येईल, हे त्यांनीच विचारलं.

अंदाज चुकला तरी घाबरू नका, प्रश्न असेल तर माणूस स्वतःच दुरुस्त करतो. "लागलंबिगलं काही नाही हो, वायरिंगमध्ये पाणी गेलं तर?" असं कोणी म्हणालं की कळलं, ही भीती आहे. २००७ साली मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने केलेल्या प्रयोगात, रागावलेले किंवा घाबरलेले चेहरे बघताना भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, खळबळ कमी झाली होती. काकूंच्या घरी मला त्याचीच आठवण झाली.

तीन वाक्यं मात्र तोंडातून काढायची नाहीत: "शांत व्हा", "एवढं काय त्यात" आणि "त्यांचीही बाजू समजून घ्या". तिसरं सगळ्यात वाईट. ते ऐकताक्षणी तुम्ही वरच्याचे वकील ठरता.

४. मग वर जा आणि हेच करा. वरच्याला बहुतेक वेळा पैशाची धास्ती असते, सगळं बाथरूम फोडावं लागेल म्हणून तो दार उघडत नाही.

५. आता पाण्याकडे बघा. नळ न वापरताही सतत ठिबकत असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर, वापरल्यावरच गळत असेल तर सांडपाण्याच्या लाइनवर किंवा फरशीच्या सांध्यांवर. नहाणीतलं पाणी वाहून जाण्याचं तोंड बुजवून रंग टाकलेलं दोन इंच पाणी २४ तास साठवा. खाली रंगीत थेंब दोघांनी मिळून बघावा. उपविधी, म्हणजे सोसायटीचे लेखी नियम, काढायचे ते यानंतर. आतल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटवाल्यांचा, हा नियम पहिल्याच वाक्यात फेकलात तर वरचं दार उघडणारच नाही.

६. खर्च कोणाचा, काम कधी, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तारीख घाला. 'लवकरात लवकर' असं लिहिलेले तीन कागद माझ्या फायलीत अजून पडून आहेत.