काळ्या नखांच्या कुत्र्याची नखे कापताना रक्त येणे : माझा अनुभव

आमच्या कुत्र्याची नखे काळी असल्यामुळे आतली रक्तवाहिनी दिसत नसे आणि कटर पाहताच तो पंजा ओढून घेई. दाबून धरणे, झोपेत कापणे, दोन्ही फसले. एकदा तर रक्तच आले. अखेर आठवडाभर काहीही न कापता केवळ पंजा हातात घेऊन, कटर नखाला टेकवून लगेच खाऊ दिला. त्यानंतर टोकाकडून जेमतेम एक मिलिमीटरचा काप घेत, प्रत्येक वेळी कापलेला भाग उजेडात पाहिला: तो कोरडा, खडूसारखा पांढुरका असेपर्यंत पुढे गेलो आणि मध्यभागी काळसर, ओलसर ठिपका दिसताच थांबलो. पायाच्या आतल्या बाजूला थोडे वर असलेले अंगठ्याचे नख जमिनीवर झिजत नाही, म्हणून तेही कापावे लागते, हे मी विसरलोच होतो. रक्त आल्यास दाबून धरण्यासाठी वाटीत कॉर्नफ्लॉर जवळ ठेवावे.